गुडगावची डिस्कव्हरी, ३२ लाख: सोलापुरात घ्यावी का?

टॉवेलवाला_१३
मंडळी, सरळ विचारतो. २०१८ ची लँड रोव्हर डिस्कव्हरी, तीन लिटर व्ही-६ डिझेल, गुडगाव पासिंग, एकच मालक, मीटर ५८ हजार. दलाल ३२ लाख मागतोय, ३० ला बसेल असा अंदाज. नवी असताना हीच गाडी रस्त्यावर यायला कोटीच्या घरात जायची.

आमचं टेरी टॉवेलचं युनिट अक्कलकोट रोड एमआयडीसीत. पुण्या-मुंबईच्या पार्ट्यांकडे महिन्यातून दोन-चारदा जाणं असतं, वर्षाकाठी तिरुपती, आणि घरात माणसं सात. सध्या जुनी इनोव्हा आहे, दोन लाख किलोमीटर कधीच पार झालेत. बायको म्हणते नवी इनोव्हा हायक्रॉस घ्या आणि गप्प बसा. धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, आयुष्यात एकदा तरी." कर्ज काढायचं नाही, पैसे बाजूला आहेत. फक्त 'घ्या' किंवा 'नका घेऊ' असं लिहू नका, का ते सांगा.

कडक_भाकरी
वहिनींचा नंबर कुठल्या पार्टीत? मी मत त्यांनाच देणार.

होटगी_रोड_गॅरेज
मालक, गाडी लई भारी, त्यात वाद नाही बे. पण बंद पडली तर उघडणार कोण? माझ्याकडं स्कॅनर आहे, एरर कोड वाचून देतो. पण कोड वाचणं वेगळं आणि पार्ट आणून बसवून कोडिंग करणं वेगळं. माझ्या एका गिऱ्हाइकाची विलायती एसयूव्ही सावळेश्वर टोलच्या लायनीत उभी होती. उभ्या उभ्या मागनं खाली बसली. एअर सस्पेन्शनची, म्हंजे स्प्रिंगच्या जागी गाडी तोलणारी हवेची बॅग फाटलेली. चाकाची कमान टायरवर टेकली, पुढं एक फूट सरकंना. मागं ट्रकवाले हॉर्न वाजवलाले, मालक फोनवर, बायकापोरं उन्हात. मी गेलो, बघितलो, आणि हात जोडलो. फ्लॅटबेड बोलवून पुण्याला पाठवली. तिथं समजलं, बॅगेतनं हवा जाऊन जाऊन कॉम्प्रेसरनंबी मान टाकली होती. पार्ट येईपर्यंत गाडी तिथंच आणि मालक इथं एसटीनं फिरलालेत.

डिस्कव्हरीलाबी हवेचंच सस्पेन्शन. आठ वर्षं झालेलं रबर आहे, मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३-४४ ला जातो. पुढचं तुम्ही समजून घ्या.

सातरस्ता
हे ऐकून ऐकून कान किटले. ज्यांनी कधी अशी गाडी ठेवली नाही त्यांनीच ही भीती पसरवायची. माझ्याकडे जुनी जर्मन सेडान आहे, पुण्यातून घेतली. सर्व्हिसला पुण्याला नेतो, त्याच दिवशी तिकडची कामंही उरकतो. हमरस्ता चौपदरी, अडीचशे किलोमीटर, सकाळी निघालं की जेवायच्या वेळेपर्यंत पुण्यात. काय डोंगर कोसळतो?

आणि हिशोब मांडा. नवी फॉर्च्युनर टॉपची घ्यायला गेलात तर रस्त्यावर येईपर्यंत पन्नासच्या वर जाते. मिळतं काय? दणकट सांगाडा आणि ट्रकसारखी चाल. त्यापेक्षा २० लाख कमी देऊन ही मिळते. युरो एनकॅपच्या, म्हणजे युरोपातल्या अपघात-सुरक्षेच्या, २०१७ च्या चाचणीत डिस्कव्हरीला पाच तारे आहेत. टेंभुर्णी ते मोहोळ रात्री उसाच्या ट्रॉल्या विनादिव्याच्या चालतात, त्या रस्त्यावर घरची सात माणसं घेऊन जायचं असेल तर मी तारे बघीन, रिसेल नाही.

होटगी_रोड_गॅरेज
@सातरस्ता मालक, तुमची सेडान स्प्रिंगवर आहे. हवेवर नाही.

हिशेबनीस_ताई
दलालाने ३२ सांगितले म्हणजे गाडी ३२ ला पडत नाही. मी सीए आहे, म्हणून कागदाचं बोलते. गाडीतलं मला फारसं कळत नाही.

गाडी हरियाणातली. म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) लागणार, बाकी असतील ते चलन भरून झालेले हवेत, आणि आधीचं कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरलेला हवा. मग इथे सोलापूरचा एमएच-१३ नंबर घेताना महाराष्ट्राचा एकरकमी कर नव्याने भरायचा. इथेच लोक गोत्यात येतात. देशात जोडणी झालेल्या डिझेल गाडीला खासगी मालकाच्या नावावर जास्तीत जास्त १५ टक्के दर आहे. पण संपूर्ण आयात केलेल्या गाडीला २० टक्के. ही डिस्कव्हरी आयात होऊन आलेली. कर लागतो मूळ किमतीवर, तुम्ही मोजलेल्या ३० लाखांवर नाही. वयाप्रमाणे घट मिळते, तरी आकडा लाखांतच राहतो. हरियाणात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो मिळेल तेव्हा खरा. व्यवहाराआधी आपल्या आरटीओतून लेखी आकडा काढा. दलाल "होऊन जातं साहेब" म्हणेल, त्याचं काय जातंय.

कंपनीच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर कंपनीच्या नावाला दर २० टक्केच. घसारा १५ टक्के मिळेल, पण प्रवासी गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. आणि दोन लाख किंवा जास्त रोख देण्याचा विषय दलालाने काढला तर तिथेच थांबा. रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे हे खरं, पण तुमच्या हातात पावती राहत नाही.

टॉवेलवाला_१३
ताई, हा २० टक्क्यांचा मुद्दा मला कोणीच सांगितला नव्हता. दलालाने "आरटीओ-बिरटीओ धरून दीड लाख" म्हटलं होतं.

कडक_भाकरी
दीड लाखात बिरटीओ होईल. आरटीओचे वेगळे.

मूळ_सोलापूर_सध्या_पुणे
मी पुण्यात सुट्या भागांच्या धंद्यात आहे, या गाड्या रोज बघतो. गॅरेजवाले दादा बोलले ते सस्पेन्शनचं झालं, तो खर्च करून माणूस सुटतो. या तीन लिटर व्ही-६ डिझेलची खरी धास्ती इंजिनाच्या पोटात आहे. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, तुटल्याची उदाहरणं जगभर आहेत. सगळ्यांचा तुटतो असं मुळीच नाही, पण तुटला तर दुरुस्ती नसते, इंजिनच बदलायचं. तो आकडा ऐकून लोक गाडी आमच्याच आवारात सोडून जातात. ऑइल वेळेवर, किंबहुना कंपनी सांगते त्याच्या आधीच बदललेलं असेल तर धोका कमी. म्हणून सर्व्हिसच्या नोंदी बघितल्याशिवाय दलालाला चहासुद्धा पाजू नका.

दुसरं, इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटचे पाइप प्लास्टिकचे. वय झालं की चिरतात, आणि इंजिन तापल्यावर आधी कळत नाही. तिसरं, बॉडी ॲल्युमिनियमची. रिक्षाने दार घासलं तर नवी पेठेतला डेंटर हातोडा घेऊन धावेल, त्याला हात लावू देऊ नका. ॲल्युमिनियमचं काम करणारी जागा वेगळी, बिल वेगळं.

सातरस्ता
बघा, आता क्रँकशाफ्ट. उद्या कोणी म्हणेल चाकं निखळतात. इनोव्हाचं इंजिन कधी गेलंच नाही का? टर्बो गेलेल्या, इंजेक्टर गेलेल्या इनोव्हा एमआयडीसीत दाखवू का? फरक एवढाच की तिचं गेलं तर "वय झालं" आणि हिचं गेलं तर "बघ, सांगितलं नव्हतं".

मूळ_सोलापूर_सध्या_पुणे
@सातरस्ता इनोव्हाचा इंजेक्टर तुम्हाला सोलापुरात संध्याकाळपर्यंत मिळतो. तेवढंच म्हणणं आहे माझं.

वकील_जुळे_सोलापूर
एक वेगळी बाजू. आयात गाडी, परराज्यातलं पासिंग आणि स्वस्त भाव ही तिन्ही एकत्र दिसली की कागद दोनदा वाचावेत. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये केरळात कस्टम्सने 'नुमखोर' नावाची मोहीम काढली. भूतानमार्गे चोरून आणलेल्या आणि दुसऱ्या राज्यांत नोंदवलेल्या गाड्या जप्त केल्या. नामवंतांच्या दारातल्याही उचलल्या. तुमची गाडी अधिकृत डीलरने भारतात विकलेली असेल तर हा प्रश्न येत नाही, पण ते मूळ बिलावरूनच सिद्ध होतं. पहिल्या विक्रीचं बिल, चेसिस नंबर आणि आरसी जुळते का ते बघा. पहिलं बिलच नाही म्हणाला तर गाडी बघायला जाऊच नका.

विमा नावावर करायला खरेदीपासून १४ दिवस असतात. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा. आणि दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. या गाड्यांचे पार्ट नव्याच्या भावात आणि आयडीव्ही जुन्याच्या भावात. बऱ्यापैकी ठोकर बसली तरी तिथवर पोचायला वेळ लागत नाही.

सूतगिरणीचा_नातू
मला यंत्रातलं कळत नाही, धंद्यातलं कळतं. अमेरिकेने २०२५ मध्ये ५० टक्के टॅरिफ लावलं तेव्हा आपल्या टॉवेलवाल्यांचं काय झालं ते विसरलात? कंटेनर अडकले, पार्ट्यांनी सवलत मागितली. त्या वेळी ज्यांच्या हातात ३० लाख मोकळे होते ते तरले. गाडीत घातलेले ३० लाख अडीनडीला विकून १५ तरी येतील का? सोलापुरात या गाडीला गिऱ्हाईक शोधून दाखवा.

शिवाय अशी गाडी दारात लागली की कामगार दिवाळीला बोनस वाढवून मागणार आणि सूतवाला व्यापारी उधारीचे दिवस कमी करणार. त्याच्या मते तुमच्याकडे पैसा उतू चाललाय.

सातरस्ता
उलट आहे मालक! मुंबईची पार्टी फॅक्टरी बघायला येते तेव्हा तिला स्टेशनवर घ्यायला खिळखिळी इनोव्हा पाठवली की ती रेट पाडूनच बोलते. आमच्याकडे हा प्रकार झालाय. आपले लोक कोट्यवधीचा माल निर्यात करतात आणि मिरवायची वेळ आली की गड्ड्याच्या यात्रेत भाड्याच्या घोड्यावर बसल्यासारखे लाजतात. कमावलेल्या पैशाचं सुख घेणं गुन्हा आहे का?

हिशेबनीस_ताई
सुख घ्या हो. फक्त त्या सुखासाठी दरवर्षी किती बाजूला काढणार तो आकडा घरात सांगून घ्या. बायकोला ३० लाख सांगायचे आणि मग दर चार महिन्यांनी "किरकोळ काम निघालं" म्हणायचं, हा प्रकार मी क्लायंटच्या वह्यांत बघते. एकाने सस्पेन्शनचं बिल 'यंत्रसामग्री दुरुस्ती' मध्ये टाकलं होतं.

कडक_भाकरी
यंत्रसामग्रीच की. सामग्री कमी, यंत्रणा जास्त.

काळी_माती_मोहोळ
मोठीच हवी आणि विलायतीच हवी असा हट्ट का? चाकणला मर्सिडीज बनते, संभाजीनगरच्या शेंद्र्याला ऑडी जुळवतात. त्यातली एमएच पासिंगची, पुण्यातल्या मालकाची, नोंदी असलेली बघा. कर परत भरायचा नाही, मूळ मालकाला भेटता येतं. बाहेरून आलेलीच पाहिजे तर २०१८-१९ ची लेक्सस ईएस ३००एच बघा, तेव्हा ती जपानहून येत होती. आत टोयोटाची हायब्रिड यंत्रणा, हवेचं सस्पेन्शन नाही. सात माणसं मात्र बसणार नाहीत.

आणि भावाचं: २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के सरसकट झाला, सेस गेला. आधी मोठ्या एसयूव्हीवर दोन्ही मिळून ५० टक्के पडायचे. नवी उतरली की जुनी उतरायलाच पाहिजे. दलाल अजून जुन्याच भावाच्या गप्पा मारतोय असं दिसतं. ३० कसले, २५ पासून बोला.

टॉवेलवाला_१३
सगळं वाचलं. काल रात्री भावाला आणि बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. भाऊ 'पाच तारे' ऐकून खूश, बायको 'आवारात सोडून जातात' ऐकून. दलालाला चेसिस नंबर मागितला, तर म्हणतो "टोकन टाका, मग देतो." पन्नास हजार टोकन.

वकील_जुळे_सोलापूर
टाकू नका. चेसिस नंबर लपवणाऱ्याकडून गाडी घ्यायची नसते.

सातरस्ता
इथे मी वकीलसाहेबांच्या बाजूने. गाडी घ्या हे माझं मत कायम आहे, या दलालाकडून घ्या असं मी म्हटलेलं नाही. दिल्ली-गुडगावात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीच्या नियमाच्या भीतीने लोक अशा गाड्या काढतात, पर्याय भरपूर आहेत. थेट मालकाकडून घ्या, दलालाचा वाटा वाचेल.

टॉवेलवाला_१३
मूळ मालकाचा पत्ता लागला तर भाऊ स्वतः जाणार म्हणतो, आमचा माल उतरवणारा एक जण दिल्लीत आहे त्याला घेऊन. त्याने तिथे नेमकं काय बघायचं?

मूळ_सोलापूर_सध्या_पुणे
मला चेसिस नंबर पाठवा, अधिकृत वर्कशॉपमधली सर्व्हिसची नोंद निघते का ते बघतो. नोंदच नसेल तर भावाचं तिकीट वाचलं.

होटगी_रोड_गॅरेज
भावाला सांगा, सकाळी इंजिन थंड असताना पोचायचं. मालकानं आधीच गरम करून ठेवली असंल तर परत फिरायचं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा, पट्ट्यावर चिखलाची रेघ असंल तर गाडी पाण्यात बुडालेली आहे. सीटखालच्या रुळांवर गंज बघायचा. आणि मुख्य म्हणजे आदल्या दिवशी संध्याकाळी गाडी सगळ्यात वरच्या उंचीवर लावून बंद करायला सांगायची. चारी कमानींचं जमिनीपासनं माप टेपनं घ्यायचं, फोटो काढायचा. सकाळी कुणी चावी लावायच्या आत परत मोजायचं. एखादं चाक बोटभर जरी खाली आलं असंल, तर तिथनंच मला फोन करा. सगळं बदलायला किती जाईल ते सांगतो, तेवढं भावातनं वजा करून बोला. नाही ऐकला तर इनोव्हाचं क्लच प्लेटचं काम राहिलंय तुमचं, तेवढं घेऊन या.