रविवारच्या ‘शिष्यवृत्ती परीक्षे’साठी सोसायटीचे सभागृह देण्याबाबत

सी-४०२: नमस्कार. हैदराबादच्या त्या निवासी कॉलेजवाल्यांची ‘शिष्यवृत्ती परीक्षा’ येत्या रविवारी आपल्या सभागृहात होणार असल्याची जाहिरात आज सूचना फलकावर पाहिली. परवानगी कोणी दिली, हे सचिवांनी कृपया सांगावे. माझ्या थोरल्याला आम्ही तिथून कोणत्या अवस्थेत परत आणले, हे या इमारतीत सर्वांना ठाऊक आहे.

सचिव: ताई, सभागृह नेहमीच्या दराने भाड्याने दिले आहे. गेल्या महिन्यात योगवर्गालाही दिले होते.

ए-२०१: साहेब, योगवर्ग मुलांचे फोन नंबर लिहून घेत नाही. परीक्षा आठवी ते दहावीच्या मुलांची आहे, आणि एकदा अर्ज भरला की ‘आज रात्रीपर्यंत पैसे भरले तरच सवलत’ असे फोन महिनाभर येत राहतात, हा माझा अनुभव आहे.

बी-३०३: माझी पुतणी याच संस्थेतून एमबीबीएसला लागली. नांदेडमध्ये राहून तिच्याकडून इतका अभ्यास झाला नसता. काहींना शिस्त मानवत नाही, त्याला संस्था काय करणार?

सी-४०२: भाऊजी, तुमच्या पुतणीचे मला मनापासून कौतुक आहे. पण पहाटे साडेपाचला उठवून रात्री साडेदहापर्यंत वर्ग आणि ‘स्टडी अवर’, दर आठवड्याला चाचणी, चाचणीतल्या गुणांवर तुकडी बदलणे आणि रविवारी वॉर्डनच्या फोनवरून पाच मिनिटे बोलणे, तेही वॉर्डन शेजारी उभे असताना, याला मी शिस्त म्हणत नाही. तिसऱ्यांदा खालच्या तुकडीत टाकल्यावर तो फोनवर बोलेनासा झाला, तेव्हा त्याचे बाबा रात्रीच्या गाडीने निघाले आणि त्याला घेऊन आले. उरलेल्या दीड वर्षाची फी आजतागायत परत मिळालेली नाही.

ए-२०१: सभागृह कोणाच्या परवानगीने दिले?

डी-१०४ (वकील): फीबद्दल सांगतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंग मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाची फी, वसतिगृह आणि मेसच्या पैशांसह, दहा दिवसांत परत द्यायची आहे. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये आणि निकालाची हमी देऊ नये, हेही त्यात आहे.

बी-३०३: वकीलसाहेब, त्या सूचना कोचिंगसाठी आहेत. हे मान्यताप्राप्त ज्युनिअर कॉलेज आहे.

डी-१०४ (वकील): अडचण नेमकी तीच आहे. जाहिरात कोचिंगची, पावती कॉलेजची. मात्र जुलै २०२५ चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश शाळा, कॉलेज, कोचिंग, वसतिगृह अशा सर्वांना लागू आहेत. विशाखापट्टणमच्या वसतिगृहात राहून ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचा तपास सीबीआयकडे देताना न्यायालयाने ते दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ताईंनी वर सांगितलेली पद्धत हीच.

बी-५०१ (निवृत्त मुख्याध्यापक): दोष एकट्या हैदराबादला देऊन भागणार नाही. आपल्याकडेही ‘इंटिग्रेटेड’च्या नावाखाली मुलांचे नाव एका कॉलेजात आणि मुले दिवसभर क्लासमध्ये, असे सर्रास चालले, म्हणून २०१८ साली राज्य सरकारला अकरावी-बारावी विज्ञानासाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. २०२४ साली नीटसाठी सुमारे २४ लाख मुलांनी नोंदणी केली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा एक लाखाहून थोड्याच अधिक होत्या. उरलेल्या मुलांचे फोटो कोणत्याही फलकावर लागत नाहीत, आणि आपण पालक फलक पाहूनच निर्णय घेतो.

ए-२०१: सर, सगळे पटले. पण सभागृह कोणाच्या परवानगीने दिले?

बी-३०३: एका घरातल्या मुलाला झेपले नाही म्हणून सगळ्यांची संधी बंद करायची का?

बी-५०१ (निवृत्त मुख्याध्यापक): हे वाक्य आपण मागे घ्यावे. तो मुलगा माझा विद्यार्थी आहे.

बी-३०३: ताईंना दुखवण्याचा हेतू नव्हता, क्षमस्व. परीक्षा व्हावी, हे माझे मत मात्र कायम आहे.

सी-४०२: क्षमा मागण्याची गरज नाही. तो आता इथेच बी.एस्सी. करतो आहे आणि नीट जेवतो आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की समुपदेशक किती आहेत, तुकड्या कशा पाडतात, मुलाला घरच्यांशी एकांतात बोलता येते का आणि प्रवेश रद्द केल्यास फी किती दिवसांत परत मिळते, याची लेखी उत्तरे त्यांनी आधी द्यावीत. कोणाच्या घरात मूल गप्प राहू लागले असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक जवळ ठेवा. आम्हाला तो उशिरा कळला.

ए-२०१: सभागृह कोणाच्या परवानगीने दिले?

सचिव: परवानगीपत्रावर सही माझी आहे. समितीची बैठक झालेली नव्हती. ताईंचे चारही प्रश्न आज संस्थेला ईमेलने पाठवतो, आणि शुक्रवारपर्यंत लेखी उत्तर आले नाही तर भाडे परत करतो. फलकावरची जाहिरात आत्ताच खाली जाऊन काढतो.