‘फुलपाखरू किरण’ नावाचा मासा?

सुरंगी
सातवीच्या मुलांसाठी आपल्या किनाऱ्यावरच्या माशांचा तक्ता करते आहे. इंग्रजी यादी संगणकाकडून मराठीत करून घेतली, तर ‘बटरफ्लाय रे’समोर आलं ‘फुलपाखरू किरण’. याच मुलांना गणिताच्या तासाला मी किरण शिकवते. आरंभबिंदू काढायचा, दुसऱ्या बाजूला बाण, कारण तिकडे तो संपतच नाही. तोच शब्द माशाच्या चित्राखाली कसा लिहू? वर्गात किरण नावाचा एक मुलगा आहे आणि एक मुलगीही. मुलीचे वडील होडीवर जातात. चित्र बघताक्षणी ती म्हणाली, “बाई, हा तर पाकट!” मग नुसतं पाकट लिहू, की याला वेगळं नाव हवं? आणि इंग्रजीत माशाला किरण म्हणायचं कारण काय?

नाखवा
पोरगी बरोबर बोलली. पण ताई, पाकटात पाकट असतात. नेहमीच्या पाकटाची शेपटी चाबकासारखी, अंगापेक्षा लांब. तिच्यावर काटा, काट्याच्या दोन्ही कडांना उलटे दाते आणि विष. जाळं वर आलं की आम्ही आधी शेपटी कुठे आहे ते बघतो. काटा लागलाच तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि दवाखाना गाठायचा. तुम्ही म्हणता तो अंगाने आडवा पसरट, लांबीच्या जवळजवळ दुप्पट रुंद. शेपटी बेताची, तिच्यावर काळे-पांढरे पट्टे. वाळूत अंग पुरून पडून राहतो, नुसते डोळे वर. मुलांना ओहोटीला नेलंत तर पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घासत चाला. चाहूल लागली की तो स्वतःच निघून जातो.

रश्मी_पुणे
इंग्रजीत हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. उजेडाचा ‘रे’ लॅटिनमधल्या ‘रेडियस’वरून आला, म्हणजे चाकाचा आरा. माशाचा ‘रे’ ‘राया’वरून, ते लॅटिनमध्ये या माशाचंच नाव. दोन्ही फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि स्पेलिंग एक झालं. संगणक तिथेच फसला.

आपल्याकडे उलट गंमत आहे, तिथे खरोखरच एका शब्दाचे अनेक अर्थ. माझंच नाव घ्या: रश्मी म्हणजे किरण, आणि घोड्याचा लगामही. संस्कृतात ‘कर’ म्हणजे हात, किरण, सरकारला भरायचा कर, हत्तीची सोंडसुद्धा. ‘पाद’ म्हणजे पाय आणि किरणही. कोल्हापूरला अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचं ऊन आधी देवीच्या पायांवर येतं, तेव्हा मला दर वेळी हा शब्द आठवतो. आणि रॉन्टगेनने 1895 मध्ये अनोळखी किरणांना ‘एक्स’ म्हटलं, त्याचं आपण ‘क्ष-किरण’ केलं. बीजगणितातली अज्ञात राशी आपल्याकडे ‘क्ष’ होती म्हणून. भाषांतर असं करावं!

सुरंगी
रश्मीताई, हे सगळं उद्या वर्गात सांगणार. अजून एक. ‘फुलपाखरू’ऐवजी ‘पाकोळी’ घेऊ का? माझी आजी फुलपाखराला पाकोळीच म्हणायची. आपलं राज्य फुलपाखरू, 2015 साली ठरलेलं, तेही ‘राणी पाकोळी’. ‘पाकोळी पाकट’ कानाला किती छान लागतं.

रश्मी_पुणे
कानाला छान, पण पाकोळी नावाचा पक्षीही आहे, जुन्या वाड्यांच्या छताला चिकटून घरटं करणारा. एक घोटाळा निस्तरताना दुसरा नको.

जलवाहिनी
आमच्या पाणीपुरवठ्यातही बटरफ्लाय असतो. मोठ्या पाइपातला व्हॉल्व्ह, मधल्या दांड्यावर फिरणारी गोल चकती. सगळे ‘बटरफ्लाय’च म्हणतात, फुलपाखरू कोणी म्हणत नाही. माशाला मात्र नाखवांचं नाव आधीपासून आहे, ते सोडू नका.

सुरंगी
तक्त्यावर ‘फुलपाखरी पाकट’ लिहिलं. माझ्या चित्रात शेपटी फार लांब झाली होती. किरणने ती खोडून आखूड केली आणि पट्टे काळ्या खडूने भरले. वडिलांना विचारून आली होती.