'वीकनेस', त्राण आणि निसटलेली चप्पल : दुखणं सांगायचे शब्द

शेवंती
माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, त्यावर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते आणि निरोप मध्येच अडखळतात. कुठलं वेष्टण झिजलं त्यावर लक्षण ठरतं, त्यामुळे एकेक तऱ्हाच असते. काही न करता ती सकाळी अकराला संपलेली असते. पोटरीवरून पाणी ओघळतंय असं वाटतं, हात लावावा तर पाय कोरडा. मान खाली घातली की पाठीतून काहीतरी सरकन जातं. बरगड्यांभोवती आवळून येतं. डॉक्टरांपुढे बसल्यावर या सगळ्याचं ती 'वीकनेस आहे' एवढंच करते, आणि आई भर घालते, 'फार अशक्तपणा आलाय हो'. या गोष्टींना तुमच्याकडे काय काय म्हणतात? बोलीतले शब्दही चालतील.

नाडीपरीक्षा
मी न्यूरो-फिजिओथेरपी करते, म्हणून आधी 'वीकनेस'चाच समाचार घेते. आपल्याकडे हा शब्द म्हणजे थकवा, भूक न लागणं, ॲनिमिया, उदासी, सगळं काही. न्यूरॉलॉजीत मात्र त्याचा एकच अर्थ, स्नायूत जोर नसणं. त्यामुळे पेशंट एक बोलतो आणि ऐकणारा दुसरंच लिहून घेतो.

नामं सोडा, क्रियापदं वापरा. 'हातात अशक्तपणा' याने काही कळत नाही. 'शर्टाची गुंडी लावता येत नाही', 'भात कालवताना बोटं वळत नाहीत' म्हटलं की पंजा समजतो. 'केस विंचरताना हात वर राहत नाही' म्हटलं की खांदा. 'उकिडवी बसले तर उठवत नाही' म्हणजे मांड्या आणि कंबर.

आणि चप्पल. आपल्याकडच्या न्यूरॉलॉजीच्या तपासणीत हा ठरलेला प्रश्न आहे: चालताना चप्पल निसटते का, आणि निसटलेली कळते का? निसटते आणि कळते, म्हणजे बोटं धरून ठेवत नाहीत, जोर कमी. निसटते आणि दहा पावलं पुढे गेल्यावर कुणीतरी ओरडून सांगतं, म्हणजे तळव्याची संवेदना गेली. दोन्हीचं मूळ वेगळं. बुटांच्या देशात हा प्रश्न सुचला नसता.

जुनीपोथी
थकव्यापुरतं बोलतो. 'शीण' हा कमावलेला असतो. प्रवासाचा शीण, कामाचा शीण. झोपलं, गरम पाण्याने अंघोळ केली की जातो. म्हणूनच आपण 'शीण घालवणं' म्हणतो. तुमच्या बहिणीचा हा शीण नव्हे. 'मरगळ' मनाकडे झुकते, घरचे लगेच 'जरा बाहेर फिरून ये' म्हणतील. 'ग्लानी' तर मुळीच नको, ती तापात येते, माणूस हाक मारली तरी नीट ओ देत नाही, डॉक्टर दचकतील.

माझ्या मते 'त्राण'. 'अंगात त्राण उरत नाही' यात कष्टाचा हिशेब नाही आणि आळसाचा आरोपही नाही.

बाकी 'बधिर'ची गंमत: संस्कृतात बधिर म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो. 'बहिरा' त्यातूनच आला. मूळ शब्द मराठीत पुन्हा येऊन कातडीला चिकटला, आणि कानाचं काम बहिऱ्याकडे राहिलं.

नाडीपरीक्षा
'त्राण' मान्य. पण 'सकाळी असतं, अकरापर्यंत जातं' हेही सोबत सांगा. कधी जातं, कशाने जातं हे डॉक्टरांना हवंच असतं.

'बधिर'वरून: पेशंट 'बधिर' आणि 'मुंग्या' एकाच श्वासात बोलतात. मुंग्या येतात म्हणजे काहीतरी जाणवतंय. बधिर म्हणजे जाणवतच नाही, चिमटा काढला तरी. आणि तिसरे लोक 'पाय बधिर झालाय' म्हणतात तेव्हा त्यांना पाय जड झालाय, उचलत नाही, असं म्हणायचं असतं. मी तर सरळ विचारते, फरशी गार लागते का?

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या अमरावतीकडे 'पायाले मुंग्या आल्या' म्हणतेत. पाणी ओघळल्यासारखं वाटते त्याले काय म्हणाव, ठाऊक नाही. घरचे म्हणतीन 'भास होते तुले'!

शेवंती
भाऊ, नेमकं तेच ऐकून घेतलंय तिने. 'भास' म्हटलं की विषय संपतो.

जुनीपोथी
'भास' टाळाच. त्यात 'नसलेलं दिसलं' हा निकाल आधीच लागलेला असतो. 'संवेदनाभ्रम' वगैरे बनवाल तर 'भ्रम' त्याहून वाईट. साधं वाक्यच बरं: 'कोरड्या पायाला ओलं लागतं'. मराठीत 'लागणं' किती कामाचं आहे बघा. गार लागतं, कडू लागतं, ओलं लागतं. खरं-खोटं या भानगडीत ते पडत नाही, ज्याला लागतं त्याचं ऐकून घेतं.

टोरांटोचा_गारठा
मला हाच आजार आहे आणि कॅनडात तो खूप आढळतो, जगात सगळ्यात जास्त प्रमाण असलेल्या देशांत याची गणती होते. त्यामुळे इंग्रजीत पेशंटांनी स्वतःचे शब्द करून ठेवलेत. बरगड्यांभोवती आवळतं त्याला इथे सगळे 'एमएस हग' म्हणतात, एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. आईला फोनवर 'मिठी' म्हणून सांगितलं, तर ती म्हणाली, 'कोणाची?' त्यानंतर मी 'पट्टा आवळतो' म्हणतो. कधी डाव्या बाजूलाच, कधी पूर्ण गोल, श्वास घेताना बरगडी फाकत नाही असं वाटतं. कारण मज्जारज्जूत आहे, छातीत नाही.

नाडीपरीक्षा
'पट्टा आवळतो' फार छान. फक्त पहिल्यांदा असं झालं की ते एमएसचंच आहे असं घरी ठरवू नका, आधी हृदय तपासून घ्या.

मान वाकवल्यावर सरकन जाणाऱ्याला मी पेशंटांकडून 'करंट' ऐकते, क्वचित 'सणक'. 'करंट'च ठेवा. 'चमक' म्हणू नका, चमक भरली म्हटलं की सगळ्यांना पाठीचा स्नायू आठवतो, आणि मग शेकणं, बाम, मालिश. 'झिणझिण्या'ही नको, त्या कोपर आपटल्यावर येतात तशा एका जागी रेंगाळतात. हा सरळ खाली धावतो. फ्रेंच न्यूरॉलॉजिस्ट झाँ लेर्मित यांनी 1924 मध्ये त्यावर लिहिलं, म्हणून ते लेर्मितचं लक्षण. पण ते फक्त एमएसचं नाही. बी-12 कमी असलं, मानेच्या मणक्यांची झीज असली तरी येतं, आणि आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींत बी-12 कमी असणं अगदी नेहमीचं.

शेवंती
आणखी एक. मे महिन्यात तिला सगळंच वाढतं. गॅसपाशी पोळ्या लाटल्या की उजव्या डोळ्याला पुसट दिसतं. आम्ही घाबरून 'आजार उलटला' म्हणतो. बरोबर शब्द आहे का?

टोरांटोचा_गारठा
डोळ्याचं विचारून घेतो, फक्त पुसट की रंगही? माझ्या वेळी डोळा फिरवला की आतून दुखायचा, आणि लाल रंग विटला होता. लाल पेनाचं टोपण एका डोळ्याने लाल, दुसऱ्याने विटकरी.

शेवंती
हो! टिकलीचं असंच म्हणत होती मागच्या वर्षी. आम्हाला वाटलं पाकीट जुनं असेल.

नाडीपरीक्षा
टिकलीचं नक्की सांगा डॉक्टरांना. 'अंधुक दिसतं' यात मोतीबिंदूपासून चष्म्याच्या नंबरापर्यंत सगळं बसतं. 'एका डोळ्याला लाल विटका दिसतो, डोळा फिरवला की दुखतो' यात फार थोड्या गोष्टी बसतात, आणि डोळ्याच्या नसेची सूज त्यात पहिली.

आता 'उलटणं'. इथे शब्द जपून वापरा, कारण औषधाचा निर्णय त्यावर फिरतो. नवं लक्षण आलं किंवा जुनं परत आलं, चोवीस तासांहून जास्त टिकलं, आणि ताप किंवा लघवीतलं इन्फेक्शन असं दुसरं कारण नसलं, तर तो खरा झटका. त्याला 'उलटलं' म्हणा. ताप उलटतो तसंच. पण उन्हाने, तापाने, जिना चढून वाढतं आणि गार झाल्यावर ओसरतं, ते उलटणं नव्हे. वेष्टण झिजलेल्या तंतूला अर्धा अंश सेल्सिअस तापमान वाढलं तरी निरोप पोचवणं जड जातं, एवढंच. नवी इजा होत नाही. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्ये हे नोंदवलं. एमआरआय नव्हता तेव्हा निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवत असत.

जुनीपोथी
मग त्याला 'जोर करणं' आहे की. 'उन्हाने दुखणं जोर करतं.' दुखणं तेच, जुनंच, फक्त तेवढ्यापुरतं चढलं. 'उचल खाल्ली' मात्र नको, त्यात पुन्हा सुरू झाल्याचा वास येतो.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडं मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री असते. तिथं माणूस चांगला असला तरी दुखणं जोर करते. कूलरपाशी बसवा म्हना ताईले, पोळ्या दुसरा कोनी लाटन.

शेवंती
दादाला वाचून दाखवते हे. मी कागदावर उतरवलंय: 'सकाळी बरं, अकरापर्यंत त्राण जातं. उजव्या पोटरीला कोरडी असून ओलं लागतं. मान वाकवली की करंट खाली जातो. पट्टा आवळतो, आठवड्यातून दोनदा. चप्पल निसटते, कळत नाही. टिकली विटकी दिसली होती. उन्हाने जोर करतं, पंख्याखाली अर्ध्या तासात उतरतं.' 'वीकनेस' कुठेच नाही. 'चक्कर' राहिली आहे.

नाडीपरीक्षा
चक्करला वेगळा धागा काढा. खोली फिरते ती चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी येते तीही चक्कर, तोल जातो तीही, आणि उपास केला की येते तीही. तोवर कागदावर एवढंच लिहा: तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का?