मदत हवी आहे: बेटावरची किनाऱ्याची वाट ग्रुपने एका दिवसात होईल का?

अबोली_क: शनिवारी ग्रुप घेऊन किनाऱ्याने चालायचं आहे. एका दिवसात होतं का? किती वाजता निघावं? लवकर सांगा, सगळे माझ्या डोक्यावर बसलेत.

वाटसरू: कोणतं बेट? किती जण? वयं काय?

अबोली_क: अँगलसी, वेल्स. १८ जण, सगळे धडधाकट.

गणोबा: ती वाट सुमारे २०० किमी आहे. एका दिवसात नाही होणार :)

अबोली_क: अख्खी कोण म्हणालं! उत्तरेला केमाइस ते अम्लुख.

फाटका_बूट: १२-१३ किमी. नेस्मिथचा नियम लावा: ताशी ५ किमी, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. साडेतीन तासांत पोचाल.

माळरान: फाटकाबुवा, नेस्मिथने हा नियम १८९२ मध्ये दिला तेव्हा त्याच्या मागे १८ जणांची वरात नव्हती. वाटेत एका वेळी एकच माणूस जाईल अशी फाटकं आहेत. प्रत्येक फाटकापाशी पाच मिनिटं जातात. पुढचे बसून, खाऊन उठतात तेव्हा कुठे मागचे धापा टाकत येतात, आणि लगेच "चला" होतं. त्यांना विश्रांतीच नाही. सहा तास धरा आणि मागे एक खमका माणूस ठेवा.

फाटका_बूट: सहा तासांत आम्ही जाऊन परत आलो असतो.

चिमणराव७: पफिन पक्षी बघायचे तर एप्रिल ते जुलैमध्ये साउथ स्टॅकला जा. दीपगृह १८०९ चं आहे. पायऱ्या चारशेच्या आसपास.

अबोली_क: काका, ते बेटाच्या दुसऱ्या टोकाला. आणि मी पक्ष्यांचं विचारलंच नाहीये.

माळरान: ताई, अंतरावर जाऊ नका. लान्लेयानाला वाट थेट समुद्रापर्यंत उतरते आणि लगेच उभी चढते. पुढे हेल्स माउथला पुन्हा तेच. गुडघे तिथे बोलतात. कुणाला मध्येच सोडायचं झालं तर लानबाद्रिगच्या चर्चपाशी गाडीरस्ता आहे, पण तो फार लवकर येतो, तेव्हा कुणीच दमलेलं नसतं. पोर्थ वेनच्या वरून जाणारा रस्ता नकाशावर आधीच बघून ठेवा.

गणोबा: पोर्थ वेनला विटांचा जुना कारखाना आहे, भट्ट्या अजून उभ्या आहेत. फोटो भारी येतात, खाली उतराच.

वाटसरू: उतरू नका. जागा खाजगी आहे, बांधकाम पडकं. वरूनच फोटो छान येतो. गाड्या किती आणि लावणार कुठे? हे अजून कुणीच विचारलं नाही.

अबोली_क: पाच. केमाइसला लावणार होतो.

वाटसरू: अम्लुखला लावा, सकाळी बसने केमाइसला जा. म्हणजे चालत गाडीपाशीच येता. उलट केलंत तर थकल्यावर बससाठी धावपळ. शनिवारचं वेळापत्रक आधी बघा, १८ जण एका बसमध्ये मावतील असं गृहीत धरू नका. काही झालंच तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचं, हे सगळ्यांना सांगून ठेवा.

फाटका_बूट: काठ्या घ्या सगळ्यांनी. बाकी सगळं फिजूल.

माळरान: १८ जणांच्या ३६ काठ्या, त्या फाटकांतून? वा!

अबोली_क: वाटसरू, माळरान, आभार. गाड्या अम्लुखलाच लावते, मागे माझ्या दिराला ठेवते. बसचं बघून इथेच सांगते.

चिमणराव७: साउथ स्टॅकचं तिकीट लागतं का, कुणाला माहीत आहे?