खेड्यातील तरुणांचे धूम्रपान: सुट्या सिगारेटींवरील बंदीने काय साधेल?

मूळ मत:
खेड्यातला मुलगा अख्खे पाकीट घेऊन धूम्रपान सुरू करत नाही. आधी मित्राच्या हातातल्या सिगारेटचे दोन झुरके, मग स्वतःच्या पैशाने एखादी सुटी सिगारेट, आणि पाकिटावरचा इशारा त्याच्या नजरेसही पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार २००५ मध्ये अमलात आला. सुट्या सिगारेटी अल्पवयीनांच्या खिशाला परवडतात, म्हणून त्यांची विक्री बंद करण्याचा प्रयत्न व्हावा, असे त्याच्या सोळाव्या कलमात म्हटले आहे. ही बंदी खेड्यांत काटेकोरपणे अमलात यावी आणि करही वाढवावा, असे माझे ठाम मत आहे. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत किंमत १० टक्क्यांनी वाढली की तंबाखूचा खप साधारण ५ टक्क्यांनी घटतो, आणि तरुणांवर या वाढीचा परिणाम अधिक होतो.

प्रतिसाद १:
मी याच्याशी सहमत नाही. जिथे विकणारा आणि घेणारा एकमेकांना लहानपणापासून ओळखतात, तिथे तक्रार करून वैर कोण पत्करणार? शिवाय ज्याला सवय जडली आहे तो वाढीव पैसे घरखर्चातूनच काढतो आणि झळ बायकामुलांना बसते. कामाच्या जागी काय घडते तेही पाहावे. दिवसभर अंगमेहनत करणारा तरुण नुसता बसला तर त्याला आळशी म्हणतात, पण त्याने सिगारेट पेटवली की ती संपेपर्यंत त्याला कोणी हटकत नाही. ही हक्काची विश्रांती काढून घेताना तिच्या जागी आपण काय देणार आहोत? आणि तो सज्ञान असेल, तर निर्णय त्याचाच आहे.

प्रतिसाद २:
विश्रांतीचा मुद्दा मला पटतो, निर्णयस्वातंत्र्याचा मात्र पटत नाही. धुरातले व्यसन लावणारे निकोटिन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते आणि बहुतेकांची सुरुवात सज्ञान होण्याच्या आसपास किंवा त्याआधीच होते. पंधराव्या वर्षी लागलेल्या व्यसनाला पंचविशीत स्वतंत्र निर्णय म्हणणे मला मान्य नाही. ब्रिटिश डॉक्टरांचा ५० वर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. सातत्याने धूम्रपान करणारे सरासरी सुमारे १० वर्षे आधी मरण पावतात, तिशीत सोडणाऱ्यांचे हे नुकसान जवळजवळ पूर्ण टळते आणि साठीत सोडणाऱ्यांना जेमतेम ३ वर्षे परत मिळतात, असे त्यातून दिसले. असे असूनही खोकला घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला सिगारेटविषयी विचारले जाते, पण पायाला जखम झाली म्हणून आलेल्या विशीतल्या मुलाला ते कोणी विचारत नाही. त्याला विचारण्याची खरी वेळ तीच असते.

प्रतिसाद ३:
वरच्या तिन्ही मतांत तरुणाला एकटा धरले आहे, हे मला खटकते. सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते, लक्ष लागत नाही, आणि तीन-चार आठवड्यांत हे हळूहळू ओसरते. नेमक्या याच दिवसांत त्याला सिगारेट ओढणाऱ्या मित्रांबरोबर बसावे लागते, नाहीतर एकटे पडावे लागते. शहरात सोबत बदलता येते, छोट्या वस्तीत समवयस्कांचा घोळका एकच असतो. म्हणून मित्रांनी मिळून सोडावे, त्यांना तलफ कमी करणारे निकोटिनयुक्त च्युइंगगम किंवा त्वचेवर चिकटवायची पट्टी गावातच मिळावी आणि समुपदेशकाने प्रत्येकाला वेगळे न बोलावता सगळ्यांना एकत्र भेटावे.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर:
एकत्र सोडण्याची सूचना मला मोलाची वाटते आणि तिच्यासाठी लागणारा पैसा वाढीव करातूनच द्यावा, म्हणजे ज्या घरांना झळ बसते त्यांनाही काही परत मिळेल. बंदीची मागणी मात्र मी मागे घेत नाही, कारण ती आधीच ओढणाऱ्यांसाठी नाहीच. ज्या मुलाने अजून एकही सिगारेट विकत घेतलेली नाही, त्याच्यासाठी ती आहे. तक्रारीचे वैर टाळायचे असेल, तर तपासणीचे काम बाहेरून येणाऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावे आणि दंड विक्रेत्याला व्हावा, मुलाला नव्हे.