पानथरी की स्वादुपिंड?

नाशिकरोडहून : जनावरांच्या आजारांवरचं एक पत्रक मराठीत करतोय. 'पॅनक्रिएटिक फ्लूक' पाशी अडलोय. आधीच्या मसुद्यात कुणीतरी 'पानथरीतले जंत' लिहून ठेवलंय. चालेल का?

त्र्यंबकहून : नाही हो! पानथरी म्हणजे प्लीहा. 'पॅन' ऐकून 'पान' आठवलं असणार. पॅनक्रियाज म्हणजे स्वादुपिंड, हिंदीतलं अग्न्याशय. हा कृमी त्याच्या नळ्यांत राहतो. अर्थात गोठ्यात 'स्वादुपिंड' कोण म्हणतंय? घरात कुणाला मधुमेह निघाला की तो शब्द पहिल्यांदा कानावर पडतो.

सिन्नरहून : 'जंत' लाही माझी हरकत. जंत म्हटले की शेणातले पांढरे, दोऱ्यासारखे डोळ्यांपुढे येतात. हा चपटा, पानासारखा, साधारण 1 ते दीड सेंटीमीटर लांब. म्हणून 'पर्णकृमी' बरा. इंग्रजीतला हा 'फ्लूक' सुद्धा एका चपट्या माशाच्या जुन्या नावावरून आलाय (नशिबाने लागतो तो फ्लूक वेगळा). शास्त्रीय नाव युरिट्रेमा पॅनक्रिॲटिकम.

इगतपुरीहून : पण नुसतं 'पर्णकृमी' लिहू नका. आमच्या भातखाचरांच्या भागात पर्णकृमी म्हटलं की काळजातला, म्हणजे लिव्हर फ्लूकच समजतात. त्याची पिल्लं ज्या गोगलगायीत वाढतात ती पाण्यातली, म्हणून 'पाणथळात चारू नका' हा सल्ला. स्वादुपिंडातल्याचा रस्ता निराळा: आधी जमिनीवरची गोगलगाय, मग नाकतोडा, आणि चरताना गवताबरोबर तो नाकतोडा गाईच्या पोटात. नाव एकच ठेवलंत तर वाचणारा पाणथळ टाळेल आणि माळावर निर्धास्त सोडेल. 'स्वादुपिंडातील पर्णकृमी' असं पूर्णच लिहा, लांबलं तरी. आणि 'नाकतोडा' च ठेवा. 'टोळ' लिहिलंत तर लोक टोळधाड समजतील.

नाशिकरोडहून : पटलं. लक्षणांत काय लिहू? मूळ मजकूर दोनच ओळींचा आहे.

सिन्नरहून : तेवढाच पुरे. बहुतेक जनावरांत बाहेरून काही दिसत नाही, कत्तलीनंतरच कळतं. कृमी फार झाले तर जनावर खंगतं. 'खंगतं' च लिहा, 'वजनात घट होते' नको.

त्र्यंबकहून : जाता जाता, औषधाच्या ओळीत 'जंतनाशक' आहे की 'जंतुनाशक'? जंतनाशक पाजायचं असतं, जंतुनाशकाने गोठा धुवायचा असतो.

नाशिकरोडहून : अरे देवा. तीन ठिकाणी उकार आहे. आधी तेच बदलतो.