वाळवंटातला फिरस्ता नायक : एकांकिकेसाठी तपशील हवेत

गिरणगावकर : परळच्या नाट्यगटासाठी 40 मिनिटांची एकांकिका लिहितोय. काळ 1930च्या आसपासचा, जैसलमेरचा मुलूख. जागीरदाराने गावाची विहीर बंद केलीय. उंटावरून आलेला एक फिरस्ता रात्री पहारेकऱ्यांना लोळवून पाणी खुलं करतो. पटेल का? आणि त्याच्याजवळ पाणी किती असावं?

मरुवाट : पहारेकरी काढून टाका. तिथल्या विहिरी 60 मीटर आणि त्याहूनही खोल असतात. मोट (पाणी उपसायची चामड्याची पिशवी) आणि नाडा (ती ओढायचा दोर) वाड्यात नेऊन ठेवला की विहीर बंदच झाली, पहारा कशाला? शिवाय नायकाने नाडा मिळवला तरी एकट्याला पाणी निघणार नाही. एक माणूस उंट हाकायला लागतो, दुसरा काठावर मोट ओतून घ्यायला. आपल्याकडच्या सोंडेच्या मोटेसारखी ती आपसूक रिकामी होत नाही. म्हणजे गावातल्या कुणाला तरी जागीरदारासमोर काठावर उभं राहावंच लागेल. तुमचं नाटक त्या माणसात आहे.

पाण्याचं म्हणाल तर मे महिन्यात चालणाऱ्याला दिवसाला 8 ते 10 लिटर धरा. लादलेला उंट ताशी 4 किलोमीटर चालतो, दिवसाला 30-40. दोन दिवसांच्या मजलेला पखालीत 20 लिटर हवंच. प्रवास रात्री आणि पहाटे दाखवा. तहानलेला उंट मात्र पंधरा मिनिटांत 100 लिटर पिऊन टाकतो. बंद विहिरीच्या गावात आधी कुणाला पाजायचं, हा प्रसंग सोडू नका.

विंगेतला : विहीर 60 मीटर म्हणजे उंटाची धावही तेवढीच, एका खेपेला साधारण मिनिट. नाडा विंगेत न्या, हाकणाऱ्याला आत जाऊ द्या आणि ते मिनिट पूर्ण घ्या. चाकाची करकर तेवढी ऐकू येऊ दे. खरी वाळू नको, ती विंगेपर्यंत पसरते आणि पाय घसरतात. जाड गोणपाट अंथरा.

जुनी पानं : नायकासाठी सागरमल गोपा वाचा. जैसलमेर संस्थानाच्या जुलमावर लिहिणारे, नागपुरात राहिलेले. घरी परतले तेव्हा 1941मध्ये अटक झाली. एप्रिल 1946मध्ये तुरुंगातच जळून मृत्यू. संस्थानाने आत्महत्या म्हटलं, लोकांनी ते कधीच मानलं नाही. तलवार नव्हती त्यांच्याकडे, छापील कागद होता. तुमच्या फिरस्त्याच्या झोळीतही तोच द्या. जागीरदारांच्या जाचक करांसाठी 84 लागबागींचा (करांचा) आकडा सांगतात, तो मात्र वापरू नका, तो बिजोलियाचा, म्हणजे मेवाडचा. तिथे वाळवंट नाही.

गिरणगावकर : मारामारी काढली. काठावर मोट धरायला जागीरदाराचाच कुळवाडी येईल.

मरुवाट : मग तो वेठीला राबणारा ठेवा, म्हणजे हात सरावाचे असतील. भरलेली मोट चुकीच्या क्षणी ओढली तर माणूस आत जातो.